ध्येय सगळ्यांचं, ओझं कुणाचं?

दोघांचीही हयात सरकारी आरोग्यसेवेत गेली. डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले आणि तालुका आरोग्य अधिकारी म्हणून निवृत्त झाले. बहुतेक नोकरी गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात झाली. ताई गटप्रवर्तक आहेत. वीसेक आशा कार्यकर्तींचं काम बघायचं, त्यांचे फॉर्म तपासायचे, अडलं तर सोबत जायचं. त्या स्वतःही कंत्राटीच. नव्याने नेमणूक झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर डॉक्टरांना 'ध्येय आणि नेतृत्व' या विषयावर बोलायचं होतं. केलेलं टिपण त्यांनी ताईंना वाचून दाखवलं. ताईंना ते पटलं नाही आणि दोघांची चांगलीच जुंपली. मी तिथे होतो. त्या बोलण्यातलं जे मला महत्त्वाचं वाटलं, ते इथे मांडतो आहे.

डॉक्टर : माझं म्हणणं सरळ आहे, ताई. पगार, बढती आणि मेमोची भीती यांनी माणूस हजेरी लावतो. जीव ओतायला त्याच्यापुढे ध्येय लागतं. गडचिरोलीचंच बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये 'सर्च' सुरू केली. पुढे नवजात बाळांचे मृत्यू थांबवायचे ठरवले, तेव्हा गावात ना बालरोगतज्ज्ञ होता, ना काचेची पेटी. होत्या त्या जेमतेम पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बाया. ३९ गावांतून अशा बाया निवडल्या, त्यांना शिकवलं, आरोग्यदूत केलं. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सेवा तशीच चालू ठेवली आणि दोन्हींची तुलना केली. १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. डिसेंबर १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. आजारी तान्हं बाळ दवाखान्यातच वाचू शकतं, असं सगळं वैद्यकशास्त्र धरून चाललं होतं. ते कुणी खोटं ठरवलं? ध्येयाने पेटलेल्या बायांनी.

ताई : पेटलेल्या म्हणू नका, सर. शिकलेल्या म्हणा.

डॉक्टर : दोन्ही म्हणतो.

ताई : नाही, आधी माझं ऐका. बाळंतिणीच्या घरी जाऊन बसणारी बाई गावात आधीही होती. दाई होती, शेजारीण होती, आजेसासू होती. बाळ गार पडत चाललं, दूध ओढेना, तर त्यांचा जीव तुटत नव्हता का? कळकळीला गावात कधी तोटा नव्हता. हातात काही नव्हतं. आरोग्यदूताच्या हातात थर्मामीटर आलं, झोळीचा काटा आला, श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा द्यायचं साधन आलं, जंतुदोषावरचं इंजेक्शन आलं. आणि ते कधी द्यायचं, कधी नाही, हे पुन्हा पुन्हा घोटून शिकवलं गेलं. बाळ वाचतं हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर तिला ध्येयावर भाषण द्यायची गरज राहिली नाही. तुमच्या टिपणात ध्येय आधी येतं आणि थर्मामीटर मागून. मी उलटं म्हणते.

डॉक्टर : आकडे तुमच्या बाजूचे आहेत, हे मान्य. जंतुदोष झालेल्या बाळांत दगावण्याचं प्रमाण आधी १६.६ टक्के होतं. आरोग्यदूतांनी उपचार करायला लागल्यावर ते २.८ टक्क्यांवर आलं. हे इंजेक्शनचं यश आहे. पण तिसऱ्या वर्षी त्या गावांतल्या ९३ टक्के बाळांपर्यंत ही सेवा पोचली होती, हा आकडाही त्याच अभ्यासातला आहे. शंभरातल्या त्र्याण्णव घरी, पावसात, चिखलात, भात लावणीच्या दिवसांत जाणारी बाई नुसत्या प्रशिक्षणाने तयार होत नाही. आणि साधनांचं म्हणाल, तर आपल्या भांडारातही साधनं असतात. कपाटात कुलूपबंद असलेले काटे मी किती तरी पाहिलेत. ते बाहेर काढावेत असं कुणाला तरी वाटावं लागतं.

ताई : कुलपाची किल्ली आशाकडे नसते, सर.

(इथे डॉक्टर जरा थांबले. मग त्यांनी श्वासमापकाचा विषय काढला. हे साधन मला आजवर ऐकून माहीत होतं. त्यामागचा विचार मात्र त्या दिवशी नीट कळला.)

डॉक्टर : बरं, साधनाचंच बोलू. न्यूमोनिया झालेलं मूल धापा टाकतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. गावातल्या दाया निरक्षर, बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. साठ कसे मोजणार? म्हणून 'सर्च'ने एक छोटं यंत्र केलं. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू खाली पडायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया, औषध सुरू. वाळू आधी संपली तर काळजी नको. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे. आता सांगा, निरक्षर दाईसाठी असं यंत्र करत बसायची बुद्धी कुणाला होते? ती दाई आपल्या टीममध्येच आहे, असं मनापासून मानणाऱ्यालाच.

ताई : बघा, आता आपण एका जागी आलो! हिला मोजता येत नाही, हिला काढा, असं कुणी म्हटलं नाही. मोजायचं काम मण्यांवर टाकलं. मला विचाराल तर नेतृत्व ते हेच. तुमच्या टिपणात नेत्याने टीमला प्रेरणा द्यावी असं चार वेळा आलंय. टीमची अडचण नेत्याने स्वतःच्या डोक्यावर घ्यावी, असं एकदाही नाही.

डॉक्टर : ते गृहीत आहे.

ताई : गृहीत असलेलं कुणी करत नाही. नव्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरभेटींचंच उदाहरण द्या. २०११पासून हीच गडचिरोलीची पद्धत देशभरातल्या आशांकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. आशा घरात शिरते, हात धुते, बाळाचं ताप-वजन बघते, नाळ बघते, दूध कसं पितंय ते बघते. काटा धरून उभं राहायचं, झोळीत बाळ हलत असतं, काटाही हलत असतो, आणि बाळंतिणीची सासू बाजूला पुटपुटत असते की वजन केलं की दृष्ट लागते. त्या गडबडीत बरोबर आकडा वाचायचा. आता मासिक सभेत या बाईला काय विचारतात? किती फॉर्म भरले. बाळ गार होतं का, आईला पान्हा फुटला का, सासूला कसं समजावलंस, हे कुणी विचारत नाही.

डॉक्टर : रिपोर्टिंग तर लागणारच.

ताई : लागतंच. पण परिणाम सांगते. एखाद्या आशाच्या फॉर्मवर ओळीने २५०० ग्रॅम, २५०० ग्रॅम, २५०० ग्रॅम दिसायला लागलं की मी तिच्या घरी जाते. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ. ते लिहिलं की प्रश्न सुरू होतात, फोन येतात, खुलासा मागतात. मग तिची चूक नसताना बोलणी कोण खाईल? त्यापेक्षा अडीच किलो लिहिलेलं बरं. ती आळशी नाही, काटाही बिघडलेला नाही. वाईट बातमी वर कळवली तर आपल्यालाच बसते, एवढं तिला कळून चुकलंय. अशा ठिकाणी भिंतीवर ध्येयाचा कितीही मोठा बोर्ड लावा.

वाईट बातमी वर कळवली तर आपल्यालाच बसते, हे ताईंचं वाक्य मला या सगळ्या चर्चेत फार मोलाचं वाटतं. एखाद्या गटाचं ध्येय खरोखर सगळ्यांचं आहे का, हे तपासायला यापेक्षा चांगली कसोटी मला माहीत नाही. तिथे वाईट बातमी वर जाते की खालीच दाबली जाते, एवढं बघावं. ध्येय एकट्या साहेबाचं असेल तर बाळाचं कमी वजन हे साहेबाच्या कामगिरीवरचं बोट ठरतं आणि सगळे मिळून ते झाकतात. ध्येय सगळ्यांचं असेल तर तेच वजन म्हणजे या बाळाकडे उद्या पुन्हा जायला हवं, अशी खूण असते. डॉक्टरांनीही इथे आडकाठी केली नाही, उलट पुढचा धागा त्यांनीच दिला.

डॉक्टर : म्हणूनच मला 'सर्च'च्या माणसांचं मोठेपण वाटतं. गडचिरोलीत पहिलं काम मोजणीचं होतं. गावात जन्मलेलं प्रत्येक बाळ आणि गेलेलं प्रत्येक बाळ नोंदवायचं. पुढे २००१मध्ये राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून बालमृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, 'कोवळी पानगळ' नावाने. सरकारी नोंदींत दिसतात त्याहून कितीतरी जास्त मुलं प्रत्यक्षात दगावतात, हे त्यातून पुढे आलं. आमच्या खात्याला ते झोंबलं. पण शेवटी २००५मध्ये राज्याने कुपोषणासाठी राजमाता जिजाऊ मिशन उभं केलं. खरे आकडे मांडायचं बळ ध्येयातूनच येतं, ताई. पगारातून नाही येत.

ताई : आता पगाराचा विषय तुम्हीच काढलात.

डॉक्टर : काढला खरा.

ताई : मग सांगते. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि आशा आली. कागदावर ती स्वयंसेविका. पगार नाही, कामानुसार मोबदला. बेचाळीस दिवसांच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या तर २५० रुपये. एका बाळामागे, सगळ्या भेटींचे मिळून. त्या पैशात तिची चप्पल तरी येते का, हिशेब करा. कमी का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं : अहो, हे सेवेचं काम आहे, ध्येयाचं काम आहे. २०२२च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. आम्हाला आनंद झाला, मी खोटं बोलणार नाही. त्या दिवशी एका आशाने मला विचारलं, ताई, हे बक्षीस खात्यात कधी जमा होईल? काय सांगणार तिला?

डॉक्टर : पैसा मिळायला हवा, याला माझा विरोध कधीच नव्हता.

ताई : पण २०२१च्या जूनमध्ये आशांचा संप झाला तेव्हा तुम्ही नाराज होता.

डॉक्टर : होतो. आजही त्या वेळेबद्दल माझं मत तेच आहे. करोनाची साथ चालू होती. सैनिक लढाईच्या मध्यात बंदूक खाली ठेवत नाही.

ताई : सैनिकाला पगार असतो, पेन्शन असते, रेशन असतं. आणि सप्टेंबर २०२०मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत कोण फिरलं? याच बाया. त्यांना शेजारीपाजारी दारात उभं करत नव्हते, करोना घेऊन येते म्हणून. तरी त्या गेल्या. वर्षभर गेल्यावर संपावर बसल्या. २०२४च्या सुरुवातीला पुन्हा संप झाला आणि त्या आझाद मैदानावर जाऊन राहिल्या. त्यातल्या कितीतरी जणींनी तोवर मुंबई पाहिली नव्हती. एकमेकींची पोरं सांभाळली, भाकरी बांधून नेल्या, आजारी पडली तिला दवाखान्यात नेलं. त्यानंतर राज्याने मानधनात ५००० रुपयांची वाढ दिली. तुम्ही विचारता ना टीम कशाने घट्ट होते? माझ्या बायांची टीम त्या मैदानावर घट्ट झाली. परत आल्यावर त्यांच्या कामात मला फरक दिसला. आधी एकीचं बाळ अडलं तर दुसरी म्हणायची, माझं गाव नाही. आता फोन करतात एकमेकींना.

डॉक्टर : हे मी या बाजूने पाहिलं नव्हतं, एवढं म्हणतो. पण माझी भीती वेगळी आहे आणि तीही ऐका. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये काम सुरू केलं. गावात शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या, त्या टिकल्या नाहीत आणि गावाने त्यांना आपलंही मानलं नाही. मग गावातल्याच बाया निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, त्यात दलितही होत्या. आठवड्याला त्या जामखेडला जमायच्या, शिकायच्या, एकत्र जेवायच्या, मुक्काम करायच्या. ज्या काळात गावात पाणवठा वेगळा होता त्या काळात! त्या गावातल्या होत्या, गावाच्या होत्या, हे त्यांचं बळ. उद्या आशाला कायम कर्मचारी केलं की सेवापुस्तक येईल, ज्येष्ठता यादी येईल, बदली येईल. मग ती गावाकडे बघेल की तालुक्याकडे?

ताई : जामखेडचं अर्धंच सांगताय. तिथल्या बायांना मान होता. दर आठवड्याला काहीतरी नवं शिकायला मिळत होतं. डॉक्टर त्यांच्याबरोबर बसायचे. आमच्या मासिक सभेला या कधी. खुर्च्या पुरल्या नाहीत की खाली कोण बसतं? सिस्टर नाही, फार्मासिस्ट नाही, शिपाईसुद्धा नाही. आशा बसतात, सतरंजीवर, भिंतीला टेकून. साहेब टेबलामागून म्हणतात, आपण सगळे एका कुटुंबाचे. कुटुंबात असं बसतात का?

डॉक्टर : खुर्च्या आणता येतात.

ताई : आणल्या कुणी? इतक्या वर्षांत?

यावर काही वेळ कुणीच बोललं नाही. मग ताईंनी जे सांगितलं त्याने माझ्या मते चर्चेचा रोख बदलला.

ताई : सर, मला एक सांगा. तुम्ही एका केंद्रावर जास्तीत जास्त किती काळ राहिलात?

डॉक्टर : तीन वर्षं. बहुतेक ठिकाणी त्याहून कमी.

ताई : आणि आशा? ती त्या गावची सून. तिथेच म्हातारी होणार. साहेब येतात, साहेब जातात. प्रत्येक नवा साहेब पहिल्या सभेत सांगतो की आता आपण नव्या जोमाने काम करू. जणू त्याच्या आधी इथे सगळं झोपलं होतं. ज्या गावात बाळ दगावलं त्या गावात तिला रोज त्या आईसमोरून जावं लागतं. ध्येय तिच्याजवळ आधीपासून आहे. नव्या डॉक्टरने ते घेऊन यायचं नसतं. इथे आधी काय चाललंय ते विचारायचं आणि त्यात खांदा लावायचा. तुमच्या टिपणात नेता टीमला ध्येय देतो. आमच्याकडे टीमच नेत्याला ध्येय देते, त्याने ते घ्यायची तयारी ठेवली तर.

डॉक्टर : हे मात्र मला टिपणात घालायला हवं. 'सर्च'च्या शोधग्राममधल्या दवाखान्याचं असंच झालं होतं. आदिवासी लोकांना पांढऱ्या कपड्यांच्या, मोठ्या इमारतींच्या दवाखान्याची भीती वाटायची, तिथे त्यांचा देव नव्हता. मग दवाखाना त्यांच्या वस्तीसारखा बांधला, झोपड्यांसारखा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी. देवी त्यांची, जागा त्यांना ओळखीची. डॉक्टर पाहुणा झाला.

ताई : पाहुणा नको, घरचा हवा. पण घरच्यासारखा राबणारा. पहिल्या महिन्यात प्रत्येक आशाबरोबर एक तरी घरभेट कर म्हणावं त्याला. गाडीतून नाही, तिच्याबरोबर चालत. काटा स्वतः धर. मग सभेत फॉर्मचे आकडे विचारायची वेळच येणार नाही, त्याला माहीतच असेल. दुसरं, मोबदल्याचे दावे ज्या तारखेला सही व्हायला हवेत त्या तारखेला सही कर. एक दिवसही पुढे नको. तिसरं, औषधाची पेटी रिकामी असेल तर आशाला 'बघू' म्हणू नको. वर भांड.

डॉक्टर : ताई, हे सगळं प्रशासन झालं. हे बरोबरच आहे, पण एवढ्यावर भागत नाही. रात्री दोनला पाऊस चालू असताना कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन आशा निघते. ते कोणत्या तारखेच्या सहीने होतं? त्यामागे काहीतरी आहे, ज्याची किंमत करता येत नाही. ते पगाराने हरवेल, अशी मला धास्ती वाटते.

ताई : तुम्हाला पगार होता ना, सर?

डॉक्टर : होता.

ताई : रात्री दार वाजल्यावर तुम्ही उठत नव्हता का?

डॉक्टर : उठत होतो.

ताई : मग तिच्याबद्दलच शंका का?

डॉक्टर : ...शंका तिच्यावर नाही. व्यवस्थेवर आहे. मला पगार होता तसा बदलीचा शिक्काही होता, आणि बदली आली की तीन वर्षांत जोडलेलं गाव सुटायचं. तेवढं आशाच्या नशिबी येऊ नये. पगार द्या, निवृत्तिवेतन द्या, पण तिची नेमणूक त्याच गावाची राहू द्या आणि निवड ग्रामसभेने करू द्या. यावर तरी आपण एक आहोत?

ताई : पगारावर एक आहोत, गावावर एक आहोत. ग्रामसभेवर अर्धवट. नियमात निवड ग्रामसभेनेच करायची आहे. प्रत्यक्षात सरपंचाची भावजय आणि सदस्याची सून यांची नावं आधीच ठरलेली असतात आणि सभा कागदावर होते. त्या बाईला गाव आपलं मानत नाही आणि तीही गावाला आपलं मानत नाही. मग वीस वर्षं प्रशिक्षण द्या, टीम होत नाही.

डॉक्टर : म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याने निवडीच्या ग्रामसभेला स्वतः हजर राहावं, हे चौथं कलम.

ताई : राहावं. पण आधी जागा रिकामी का झाली तेही विचारावं. माझ्याकडच्या दोन जागा गेल्या काही वर्षांत रिकाम्या झाल्या. दोघीही चांगल्या होत्या, एकीच्या गावात तर ती असेपर्यंत घरी बाळंतपण व्हायचं जवळजवळ थांबलं होतं. मोबदला महिनोन्महिने अडकला आणि ती शेजारच्या शहरात कापडाच्या दुकानात कामाला लागली. तिच्या जागी नवी निवडायची सभा भरवली. तिला परत बोलवायची सभा कुणी भरवली नाही.

डॉक्टर : ती येईल का परत?

ताई : मी विचारलं होतं. म्हणाली, थकलेले पैसे आधी द्या आणि पुढचे वेळेवर मिळतील असं साहेबांनी लेखी द्यावं, मग विचार करते. ते लेखी अजून कुणी दिलेलं नाही.